चेऊलचे विणकर : एका उदमी नगराचा ऱ्हास आणि त्याच्या उद्धाराचा विचार

१

अलिबागेहून दक्षिणेस सोळा-सतरा किलोमीटर गेलें म्हणजे नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून जाणारी सडक चौलांत शिरते. तीच पुढें रेवदंड्याच्या पडक्या तटांतून आंत जाऊन कुंडलिकेच्या मुखाशीं, म्हणजे रोह्याच्या खाडीच्या तोंडाशीं, पोंचते. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर व त्यावरील किल्ला. अलीकडे तटाच्या आंत वाड्या, विहिरी, ओसाड मठांच्या भिंती आणि सातखणी म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा. एवढें पाहून वाटसरू पुढें जातो. येथें एके काळीं रेशमाचे माग चालत असत आणि त्या मागांवरचें कापड गोव्यापासून साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर खपत असे, असें त्यास सांगितलें तर तो कौतुकानें ऐकतो. पण मनांतून खरें मानीत नाहीं.

चौलाविषयीं लिहिणारांची वाण नाहीं. गेर्सन द कुन्हा यांनीं १८७६ सालीं चौल व वसई यांच्या इतिहासावर इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत चौलाची हकीकत विस्तारानें आली. शां. वि. आवळसकर यांचें 'आंग्रेकालीन अष्टागर' १९४७ त बाहेर पडलें. त्यानंतर विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्याच्या आरंभीं डेक्कन कॉलेजच्या वतीनें विश्वास गोगटे व त्यांचे सहकारी यांनीं चौलांत प्रत्यक्ष उत्खनन केलें. ह्या सर्वांचे ऋण मान्य करूनच आम्ही लिहीत आहों. परंतु या लेखनांत राजे, किल्ले आणि बंदर यांस जेवढी जागा मिळाली तेवढी कारागिरांस मिळाली नाहीं. नगर कां मोडलें या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें कारागिरांच्या हकीकतींतच आहे.

नेहमीं दिलीं जाणारीं उत्तरें दोन आहेत. एक, खाडी गाळानें भरली. दुसरें, फिरंगी, निजामशाही व मराठे यांच्या लढायांत गांव उद्ध्वस्त झालें. या दोहोंत तथ्यांश आहे. पण कालानुक्रम नीट लावून पाहिला असतां दोन्ही अपुरीं पडतात, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यावरून आज या गांवाचा उद्धार म्हणजे काय व्हावें, याचाही थोडा विचार शेवटीं केला आहे.

२

प्रथम नांवाचा निर्णय करूं. कारण नांव निश्चित झालें म्हणजे पुरावा कोठें शोधावयाचा हें ठरतें. स्थानिक परंपरेंत चौलास चंपावती व रेवतीक्षेत्र अशीं नांवें आहेत. चांफ्याच्या झाडांवरून चंपावती आणि बलरामाची पत्नी रेवती हिच्यावरून रेवतीक्षेत्र, अशी उपपत्ति सांगतात. भाविकांच्या श्रद्धेस आम्ही बाध आणूं इच्छित नाहीं. परंतु कोरीव लेख अधिक जुने असून त्यांत नांव निराळें आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत 'चेमुल' येथील दात्यांचीं दानें नोंदलेलीं आहेत. शिलाहार अनंतदेव याच्या खारेपाटण ताम्रपटांत (शके १०१६, इ. स. १०९४) श्रीस्थानक म्हणजे ठाणें, शूर्पारक म्हणजे सोपारें, यांच्या जोडीस चेमूली हें बंदर येतें.

चेमुलाचें चेऊल कसें झालें हें प्राकृत जाणणारास सांगावयास नको. दोन स्वरांमधील मकाराचा सानुनासिक वकार होतो: ग्रामाचा गांव, नामाचें नांव, भ्रमराचा भोंवरा. त्याच न्यायानें चेमुलाचें चेंवुल झालें, वकार पुढील उकारांत मिसळून चेऊल, आणि शेवटीं चौल. गांवांतील वृद्ध मंडळींच्या तोंडीं चेऊल हा उच्चार आम्हीं स्वतः ऐकला आहे.

परदेशी लेखकांचीं रूपेंही याच नांवाशीं जुळतात. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक-ग्रंथांत कल्याणानंतर 'सेमिल्ला' आहे. दुसऱ्या शतकांतील टॉलेमी 'सिमिल्ला' लिहितो व तेथील लोक तिला 'तिमुला' म्हणतात अशी पुस्ती जोडतो. ग्रीकांस चकार नव्हता. चंद्रगुप्तास ते सांद्रकोत्तस म्हणत. तेथें चकाराचा सकार झाला. उज्जयिनीच्या चष्टनास टॉलेमीच तियस्तेनेस म्हणतो. तेथें चकाराच्या जागीं तकार आला. मग एकाच चेमुलाचीं सिमिल्ला व तिमुला अशीं दोन रूपें व्हावींत यांत नवल नाहीं. अरबांचीही तीच गत. त्यांनीं चीनचें सीन केलें, तसें चेमुलाचें सैमूर केलें. लकाराच्या जागीं रकार येणें ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. तात्पर्य, चेमुल, सिमिल्ला, सैमूर, चेऊल हें सर्व एक. चंपावती हें त्या नांवास मागाहून चढविलेलें संस्कृत लेणें असावें. रेवदंडा हें नांवही आमच्या तर्काप्रमाणें रेवतीपेक्षां किनाऱ्यावरील रेव व दांडा या दोन शब्दांस अधिक जवळचें आहे. समुद्रांत शिरलेल्या वाळूच्या पट्ट्यास दांडा म्हणण्याची रीत कोंकणांत सर्वत्र आहे.

३

आतां हें नगर कशावर जगत होतें तें पाहूं.

कान्हेरीच्या लेखांतील चेमुलचे दाते हे हेरणिकाच्या घराण्यांतील आहेत. हेरणिक म्हणजे सोनार अथवा सोन्याचा व्यवहार पाहणारा. या गांवचे जे अत्यंत जुने रहिवासी आपल्यास नांवानिशीं भेटतात, ते हातांत कसब असलेल्या वा पैशाचा व्यवहार करणाऱ्या घरचे आहेत, ही गोष्ट आम्हांस सूचक वाटते.

दहाव्या शतकांत अरब प्रवासी अल् मसूदी हिजरी ३०४ मध्यें (इ. स. ९१६–१७) येथें आला. त्या वेळीं शिलाहार झंझ राज्य करीत होता व त्यावर बल्हऱ्याचें, म्हणजे वल्लभराज राष्ट्रकूटाचें, आधिपत्य होतें. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले आणि इकडेच जन्मलेले मिळून सुमारें दहा हजार मुसलमान सैमुरास राहत, त्यांच्या तंट्यांचा निवाडा करण्यास त्यांच्यांतीलच एक मुख्य राजानें नेमलेला असे, असें तो लिहितो. अनंतदेवाच्या ताम्रपटांतील मुख्य विषयही बंदराचाच आहे: भाभण श्रेष्ठी व त्याचा बंधु यांच्या नौकांस या बंदरांत जकातीची माफी दिली आहे. राजाचा प्रधान हा जहाजांचा धनी असावा, यावरून त्या काळच्या कोंकणचा कारभार कोणाच्या हातीं होता तें कळतें. जवळच्या अक्षी येथील मराठी शिलालेखही याच शिलाहार राज्यांतला. त्याच्या शकाचें वाचन ९३४ असें कित्येक करितात व कित्येकांस तें मान्य नाहीं. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं.

पंधराव्या शतकांत, १४६९ च्या सुमारास, रशियांतील त्वेर गांवचा अफनासी निकितीन हा व्यापारी चौलास उतरला. त्याजपाशीं विकण्यासाठीं आणलेला घोडा होता. तो पालीवरून घाट चढून जुन्नरास गेला व तेथील खानानें तो घोडा कांहीं काळ अटकावून ठेवला. निकितीनाच्या स्मरणार्थ २००२ सालीं रेवदंड्यास स्तंभ उभारला आहे. आमच्या विषयास त्याच्या हकीकतींतून दोन गोष्टी मिळतात: आखातांतून येणारे घोडे चौलास उतरत, आणि चौलापासून घाटमाथ्यावरच्या राजधान्यांस जाणारी वाट वाहती होती.

सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत पोर्तुगीज लेखक दुआर्त बार्बोस यानें चौलाचें जें वर्णन केलें आहे तें फार महत्त्वाचें आहे. गांवांत कायमची वस्ती बेताची. पण वर्षांतील कांहीं महिने, समुद्र मोकळा असतां, चहूंकडून व्यापारी येऊन जत्रेसारखा बाजार भरे. मलबारचे नारळ, सुपारी व मसाले, तसेंच तांबें व पारा येई, आणि देशावरचें कापड जाई. म्हणजे त्या वेळचें चौल हें मुख्यतः मोसमी पेठ होतें. माल येई व माल जाई.

आतां यानंतरचे साक्षीदार पहा. राल्फ फिच हा इंग्रज नोव्हेंबर १५८३ मध्यें येथें आला. त्यास दोन गांवें दिसलीं, एक फिरंग्यांचें व एक निजामशहाचें; दोहोंत मोठी उलाढाल. त्याच दशकांत गोव्यास राहिलेला डच लिन्सखोतेन लिहितो कीं, चीनहून आलेलें कच्चें रेशीम चौलास कातलें व विणलें जातें, आणि तेथील साटीन, तफ्ता वगैरे वस्त्रें इतक्या प्रमाणांत निघतात कीं, साऱ्या हिंदुस्थानास व शेजारच्या देशांस पुरतात. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आलेला फ्रेंच पिरार द लाव्हाल हाही चौलच्या रेशमाची वाखाणणी करितो. शिवाय चिनी धर्तीच्या पेट्या, कपाटें व लाखेच्या रंगांनीं रंगविलेले पलंग येथें बनतात असें सांगतो.

बार्बोस व लिन्सखोतेन यांच्यामध्यें सुमारें सत्तर वर्षांचें अंतर आहे. तेवढ्या काळांत मोसमी पेठेचें कारखान्यांचें नगर झालें. आलेल्या मालास हात लावून, त्याचें मोल वाढवून, मग तो पाठविण्याची विद्या येथें रुजली. आम्ही चौलास उदमी नगर म्हणतों तें याच अर्थानें.

४

लढायांनीं नगर बुडालें या मताची परीक्षा आतां सोपी झाली.

चौलाच्या पाण्यांत मार्च १५०८ मध्यें मिसरच्या आरमाराशीं लढतांना पोर्तुगीज गव्हर्नराचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५२१ त बुरहान निजामशहाच्या परवानगीनें रेवदंड्यास फिरंग्यांचा कोट बांधण्यास आरंभ झाला. १५७०–७१ त मुर्तजा निजामशहानें त्या कोटास कित्येक महिने वेढा घातला व तो उठवून जावें लागलें. १५९४ त कोर्लईच्या डोंगरावर निजामशाही फौजेची व फिरंग्यांची घनघोर लढाई होऊन डोंगर फिरंग्यांच्या हातीं गेला.

वाचकांनीं या सनांशेजारीं साक्षीदारांचे सन ठेवून पहावे. फिच व लिन्सखोतेन हे १५७१ च्या वेढ्यानंतरचे आहेत. पिरार तर १५९४ च्या कोर्लईच्या संग्रामानंतरचा आहे. तोफांच्या माऱ्यांत ज्या नगराचा नाश झाला म्हणतात, त्याच नगरांत त्यानंतर रेशमाचे माग पूर्ण भरांत चालूं होते. वेढा उठला कीं विणकर परत मागावर बसे, कारण सूत येत होतें व गिऱ्हाईक होतें. दगडी कोट पडला तर पुन्हां बांधतां येतो. मागही मोडला तर सुतार नवा करून देतो.

गाळाचें मतही असेंच तपासून पहावें. खाडींत गाळ येतो हें कोणीही नाकारणार नाहीं. मोठीं जहाजें मुंबईच्या खोल बंदराकडे वळलीं हेंही खरें. पण त्यामुळें बंदर मुळींच बंद पडलें असें म्हणतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतही रेवदंडा बंदरांतून गलबतांची ये-जा व जकातीची वसुली होत होती. आजच्या काळांत तर खाडीच्या दक्षिण तीरावर, रेवदंड्यासमोर साळाव येथें, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विक्रम इस्पात या नांवानें लोखंडाचा कारखाना निघाला. तोच पुढें वेलस्पन मॅक्सस्टील व २०१४ पासून जेएसडब्ल्यू यांच्याकडे गेला. त्याचा कच्चा माल बार्जांत भरून याच खाडीनें येतो. आजच्या यंत्रांचें साहाय्य तीस आहे हें मान्य. तथापि जी खाडी आज लोखंडाचें ओझें वाहते, ती सतराव्या शतकांत रेशमाचीं गांठोडीं वाहण्यास असमर्थ झाली होती हें मानणें कठीण आहे.

५

मग झालें काय? आमच्या मतें १६२२ पासून पुढच्या वीस वर्षांत चौलाच्या उदमास आधार देणारे तीन दोर एकामागून एक तुटले, आणि त्यानंतरच्या पिढींत विणकर निघून गेले.

पहिला दोर आखाताचा. १६२२ त इराणच्या शहानें इंग्रजांच्या मदतीनें होर्मुज फिरंग्यांकडून घेतलें. घोडे व इराणी माल ज्या मार्गानें चौलास येई त्याची किल्ली गेली. दुसरा दोर घाटाचा. १६३६ त निजामशाहीचा अंत होऊन तिचें कोंकण विजापूरकरांच्या वाट्यास आलें. अहमदनगर व जुन्नर येथील दरबार आणि सरदार हे चौलच्या उंची वस्त्रांचे जवळचे गिऱ्हाईक होते. तो दरबारच नाहींसा झाला. तिसरा दोर चीनचा, आणि आमच्या दृष्टीनें हाच मुख्य. १६४१ त डचांनीं मलाक्का जिंकलें. मकावहून गोव्याकडे येणारीं फिरंगी जहाजें त्याच सामुद्रधुनीतून येत. ज्या कच्च्या रेशमावर चौलचे माग चालत, त्याच्या वाटेवर आतां फिरंग्यांचा वैरी बसला.

सूत महाग, गिऱ्हाईक दूर, अशा स्थितींत विणकर बसला असतां वीस-पंचवीस वर्षांतच उत्तरेस एक नवें ठिकाण उघडलें. १६६१ च्या विवाह-तहानें मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली, १६६५ त प्रत्यक्ष ताबा मिळाला व १६६८ त ती ईस्ट इंडिया कंपनीस दिली गेली. गेराल्ड अंजियर हा १६६९ पासून १६७७ पर्यंत तेथील गव्हर्नर होता. या सुमाराच्या कंपनीच्या कागदपत्रांत चौलच्या विणकरांचा उल्लेख येतो. ते मुंबईस येऊं इच्छितात, त्यांस उत्तेजन द्यावें, आणि त्यांच्या वस्तीसाठीं जकातघरापासून किल्ल्यापर्यंत घरांची एक आळी बांधावी, अशा अर्थाचे हुकूम सुटले. या लहानशा नोंदीस आम्ही १५७१ च्या वेढ्याहून अधिक महत्त्व देतों. वेढ्यांत माणसें मेलीं, पण विद्या गांवांत राहिली. या वेळीं विद्याच उठून गेली. विणकामाची विद्या बापाकडून मुलाकडे मागावर बसूनच जाते. तिची पोथी नसते. एक पिढी गांवाबाहेर वाढली म्हणजे गांवापुरती ती विद्या संपली.

वरचें चौल १६५७ नंतर शिवछत्रपतींच्या सत्तेखालीं आलें. १६८३ त संभाजी महाराजांनीं फिरंगी चौलास वेढा दिला. वसई पडल्यावर १७४० च्या तहानें रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आलीं. पण या घटनांच्या वेळीं नगराचा प्राण आधींच निघून चालला होता. अठराव्या शतकाच्या आरंभींचा अलेक्झांडर हॅमिल्टन, ज्याचा प्रवासग्रंथ १७२७ त छापला गेला, तो सांगतो कीं चौल पूर्वीं व्यापारास, विशेषतः भरतकामाच्या उत्तम रजयांस, प्रसिद्ध होतें. आतां तें अगदीं दरिद्री झालें आहे. मराठ्यांनीं रेवदंडा घेण्यापूर्वीं निदान तेरा वर्षें आधींची ही साक्ष आहे. चिमाजी आप्पांच्या काळीं जें हातीं आलें तो एक कोट व त्याभोंवतालच्या वाड्या. विणकरांचें नगर नव्हे.

६

नगर गेल्यावर मागें काय उरलें, तेंही पाहणें अवश्य आहे. कारण उद्धार उरलेल्याचाच होऊं शकतो.

पहिली उरली ती भूमि. माग गेले, माड राहिले. आंग्रे व पेशवे यांच्या काळचें चौल कागदांत भेटतें तें आगर म्हणून: झाडांची मोजणी, वाड्यांच्या हद्दी, पाण्याचे वाद, देवस्थानांचीं इनामें. रामेश्वराचें देऊळ व त्याच्या आवारांतील अग्नि, वायु व पर्जन्य या तीन कुंडांची ख्याति, शीतलादेवी, हिंगलाजेच्या डोंगरांतील लेणीं, दत्ताच्या टेकडीवर मार्गशीर्ष पौर्णिमेस भरणारी पांच दिवसांची यात्रा, हें सर्व अद्यापि जिवंत आहे. गांवांत वर्षाच्या दिवसांइतकीं देवळें होतीं असें लोक सांगतात. त्यांतला आंकडा सोडून दिला तरी एवढीं देवळें बांधण्यास पैसा कोठून आला, हा प्रश्न उरतोच.

दुसरी उरली ती माणसें. फिरंगी गेल्यावर त्यांच्या चाकरींतील गरीब ख्रिस्ती लोक कोर्लईच्या पायथ्याशीं वसले. पोर्तुगीज शब्दांची त्यांची बोली सुमारें हजार माणसें आजही बोलतात. आणि त्या बोलींत क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं येतें. रेवदंड्यास बेने इस्राएल लोकांचें १८४२ सालीं बांधलेलें प्रार्थनामंदिर आहे. त्या समाजांत चेऊलकर हें आडनांव आहे. मुंबईंत व अन्यत्र इतर जातींतही चौलकर, चेऊलकर आढळतात. ज्या गांवाचें नांव त्या गांवाबाहेर इतक्या घरांनीं धारण केलें, त्या गांवांतून माणसें किती व कोठें कोठें गेलीं याचा तो चालता-बोलता पुरावा आहे.

तिसरे उरले ते जमिनींतील अवशेष. उत्खननांत सातवाहनकाळापासूनच्या वस्तीचे थर, रोमन मद्यकुंभांचे तुकडे व आखाती देशांकडील मातीचीं भांडीं मिळालीं, आणि टॉलेमीचें सिमिल्ला तें हेंच, या शब्दशास्त्राच्या निर्णयास कुदळीनें दुजोरा दिला. राजकोट, हमामखाना, कलावंतिणीचा वाडा हे अवशेष जमिनीवर दिसतात. परंतु त्याहून कितीतरी अधिक वाड्यांच्या मातीखालीं आहे.

चौथे उरले ते कागद. आणि त्यांविषयीं एक हकीकत सांगणें भाग आहे. अध्यापनांतून निवृत्त झाल्यावर आम्ही कांहीं वर्षें अष्टागरांत मोडी कागदांच्या शोधार्थ हिंडत होतों. एका घरीं माळ्यावरून एक रुमाल काढून यजमानांनीं आमच्यापुढें ठेवला. वाडीची वांटणी, सारा, गांवकीचे तंटे, असा तो साधा ऐवज. दिवस मावळतीस आलेला. आम्हीं वरवर चाळून, पुढील खेपेस येऊन नकलून घेऊं असें म्हणून तो परत बांधून दिला. पुढील खेप पडण्यास दीड वर्ष लागलें. तोंवर घर दुरुस्तीस निघालें होतें व रुमाल रद्दीबरोबर गेला होता. यजमानांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांनीं तो दोन पिढ्या जपला होता. दोष आमचा, कीं हातीं आलेला कागद उद्यांवर टाकला. त्यांत राजकारण नव्हतें म्हणून आम्हीं त्यास साधा म्हटलें. पण नगराचें आगर कसें झालें हें अशाच साध्या कागदांत सांपडावयाचें असतें.

७

आतां उद्धाराचा प्रश्न. आज चौलाकडे पैसा पुन्हां येऊं लागला आहे. २०२० त मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. अलिबागेपासून रेवदंड्यापर्यंतच्या वाड्या मुंबईकरांच्या विसाव्याच्या जागा होत चालल्या आहेत. साडेतीनशें वर्षांपूर्वीं मुंबईनें चौलची माणसें नेलीं. आतां मुंबईचीं माणसें चौलास येत आहेत. यांत गांवकऱ्यांस चार पैसे मिळत असतील तर तें इष्टच आहे. त्याविरुद्ध तक्रार करणारे आम्ही कोण?

परंतु भय येथेंच आहे. ओसाडींत जें सुरक्षित राहिलें तें भरभराटींत नाहींसें होण्याचा संभव असतो. नव्या घराचा पाया खणतांना थर एका दिवसांत उलटतो. जुना वाडा पाडतांना माळ्यावरचा रुमाल शेणामातीबरोबर जातो. वाडीची हद्द बदलली म्हणजे ज्या खुणांवरून जुना कागद लावावयाचा त्या खुणाच पुसल्या जातात. साळावच्या भट्टीनें खाडीस काम दिलें. पण चेऊलचें जें खास होतें तें तिनें परत आणलेलें नाहीं, व आणावें अशी अपेक्षाही कोणी करूं नये. लोखंडाचा कारखाना कोठेंही निघतो. चेऊलची विद्या चेऊलांतच होती.

म्हणून आमच्या मतें या नगराचा जो उद्धार शक्य आहे तो प्रथम ज्ञानाचा आहे, आणि तो संग्राहक व संशोधक यांच्या हातचा आहे. त्यासाठीं पुढील चार कामें सुचवितों.

पहिलें, विणकरांचा माग घेणें. मुंबईच्या दफ्तरांतील कंपनीचे कागद, पणजीचें पोर्तुगीज दफ्तर आणि पुण्याचें पेशवे दफ्तर हीं तीन ठिकाणें आजवर निरनिराळ्या कामासाठीं पाहिलीं गेलीं. चौलच्या कारागिरांविषयींच्या नोंदी तिन्हींतून एकत्र काढून सनवार लावाव्या. वर जें अनुमान आम्हीं मांडलें तें त्यांवरून पक्कें होईल किंवा पडेल. दोन्ही परी लाभच.

दुसरें, ज्या घराण्यांचें आडनांव चौलकर वा चेऊलकर आहे त्यांच्याकडील कुलवृत्तान्त, देवदेवक व मूळ आळीच्या आठवणी टिपून घेणें. कुलदैवत अजून चौलास असेल तर तेंही नोंदावें. माणसें गांव सोडतात, देव सहसा सोडीत नाहींत.

तिसरें, वाडींत वा पायांत सांपडलेलें खापर, नाणें, वीट जेथें मिळाली ती जागा, खोली व दिवस लिहून ठेवणें. संग्राहक बंधूंस आमची हात जोडून विनंती आहे कीं, स्थळाची नोंद नसलेलें नाणें कितीही सुंदर असलें तरी तें मुकें असतें. कपाटाची शोभा वाढते. इतिहासाची वाढत नाहीं.

चौथें, कागद जेथें असेल तेथेंच त्याची नक्कल अथवा छायाचित्र त्याच दिवशीं घेणें, आणि रुमाल न फोडणें. एखादें शिक्क्याचें पत्र निवडून घेऊन बाकीचें टाकून देण्याची खोड आपल्यांत फार आहे. चेऊलच्या बाबतींत जें टाकलें जातें तेंच कामाचें आहे. कारण राजांचीं पत्रें इतरत्र मिळतील, पण मागाचा कर, आळीची यादी व उठून गेलेल्या कुळाची नोंद इतरत्र मिळणार नाहीं.

हीं कामें एका माणसाच्यानें होणारीं नाहींत व आमचें वयही आतां घरोघर हिंडण्याचें राहिलें नाहीं. अष्टागरांतील तीन-चार तरुण शिक्षकांनीं मनावर घेतलें, आणि मोडी वाचतां येणाऱ्या मंडळींनीं त्यांस हात दिला, तर पांच वर्षांत पुष्कळ पदरांत पडेल. आम्हांजवळच्या नकला, जशा आहेत तशा, त्यांच्या स्वाधीन करण्यास आम्ही तयार आहों. एक रुमाल आमच्या आळसानें गेला; दुसरा जाऊं नये एवढीच इच्छा.